चौथ्या पानावरच्या बहिणी

ऑस्टबी गावात सांगण्यासारखं काही घडत नसे, आणि ते दर गुरुवारी साप्ताहिकात छापून येत असे. छापून आणणारी बाई म्हणजे आर्डिस होव्हलँड. पहिल्या पानावर गव्हाचे भाव, दुसऱ्यावर शाळांचे सामने, तिसऱ्यावर ट्रॅक्टरच्या जाहिराती आणि चौथ्या पानावर गावोगावच्या बायकांनी लिहून पाठवलेल्या खबरी. उत्तर डकोटातल्या आमच्या काउंटीत साप्ताहिक हातात पडलं की लोक आधी चौथं पान उघडत. गव्हाचे भाव काय, रेडिओवरही कळत.

खबर लिहायची एक ठरलेली रीत होती. कोण कुणाकडे जेवायला गेलं, कुणाकडे पाहुणे आले, कॉफीबरोबर काय होतं. स्वतःबद्दल लिहायचं तर ‘मी’ म्हणायचं नाही. ‘आर्डिस होव्हलँड गेल्या होत्या’ असं परक्या बाईबद्दल लिहावं तसं लिहायचं. आणि कुणाच्या घरातलं दुखणं, भांडण, बाटली यांचा उल्लेख करायचा नाही. एवढं वगळल्यावर बाकीच्या गावांच्या बायकांना चार ओळी भरतानाही घाम फुटे. आर्डिसचा मात्र कागद पुरत नसे.

कारण तिला दिसायचंच फार. तिच्या वाफ्यात एक गाजर दुसऱ्या गाजराला मिठी मारून वाढलं होतं. धान्याच्या कोठारावरच्या मॅनेजरची टोपी वाऱ्यानं उडाली, ती चार दिवसांनी त्याच्याच बायकोच्या गुलाबात सापडली. पोस्टमास्तर शिंकला की पोस्टातलं मांजर उठून बाहेर जातं, खोकला तर जात नाही. हा शेवटचा शोध पक्का करायला ती तीन दिवस तिकिटं घ्यायच्या निमित्तानं पोस्टात उभी राहिली होती. तिचा नवरा ऑर्लिन, शेती पुतण्याकडे सोपवून निवृत्त झालेला माणूस, कॅफेत सांगायचा, की आमच्या घरात आता इतकी तिकिटं झालीत, की बायकोला कंटाळा आला तर ती मला टपालानं कुठंही धाडू शकेल.

त्याच पानावर दोन बोटं खाली क्लेअरी गावची खबर असे. ती लिहायची सेल्मा रूड, आर्डिसची धाकटी बहीण. क्लेअरी ऑस्टबीपासून चौदा मैलांवर. रस्ता नाकासमोर सरळ, मध्ये एक वळण नाही. आणि या दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

त्याचं कारणही चौथ्या पानावरच छापून आलं होतं. सेल्माचा नवरा क्लिफर्ड एका शुक्रवारी सकाळी सूट घालून, टाय लावून ऑस्टबीच्या चर्चमध्ये आला आणि पहिल्या बाकावर भजनाचं पुस्तक उघडून बसला. तळघरात बायका गोधड्या शिवत होत्या. वरून एकट्या पुरुषाचं गाणं ऐकू आलं म्हणून त्या वर गेल्या, तर हा. त्यांनी त्याला खाली नेलं, कॉफी दिली, लिंबाच्या वड्या दिल्या, तो हसला, त्या हसल्या. आर्डिस त्या बायकांत होतीच. असला माल हाती लागल्यावर ती गप्प बसणं शक्य नव्हतं. पुढच्या गुरुवारी ऑस्टबीच्या खबरीत आलं: ‘क्लेअरीचे क्लिफर्ड रूड यांनी रविवारची प्रार्थना शुक्रवारीच उरकून घेतली. इतर ख्रिस्ती जनांपेक्षा ते आता दोन दिवसांनी पुढे आहेत.’ काउंटीभर लोक पोट धरून हसले.

त्या दिवशी दुपारी सेल्माचा फोन आला. ती ओरडली नाही, आमच्याकडे ओरडायची पद्धत नाही.

“तुला ते गमतीचं वाटलं,” ती म्हणाली. “दीड वर्ष झालं, आर्डिस. तो बूट फ्रीजमध्ये ठेवतो. मला त्याच्या आईच्या नावानं हाक मारतो. कुणाला कळू नये म्हणून मी जिवाचं रान केलं, आणि तू ते पेपरात दिलंस.”

“मला काय माहीत? तू सांगितलंस कधी?”

“मांजर कधी उठतं ते तुला कळतं. बहिणीच्या घरी काय चाललंय ते कळायला नको?”

सेल्मानं फोन ठेवला. आर्डिसनं पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, ते उघडल्यावाचून परत आलं. मग तिलाही राग आला. चूक झाली म्हणून माणसानं किती वाकायचं? दोघी एकाच आईच्या, मोडतील पण वाकायच्या नाहीत. चार वर्षांनी क्लिफर्ड गेला तेव्हा आर्डिस क्लेअरीच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली, आणि दारात सेल्मानं सगळ्यांचा हात हातात घेतला तसा तिचाही घेतला आणि सोडला.

पण चौथं पान होतं. दोघींपैकी कुणीच लिहायचं सोडलं नव्हतं, आणि दोघी एकमेकींचं वाचत होत्या हे सगळ्या काउंटीला ठाऊक होतं. आर्डिसनं लिहावं, की ऑस्टबीत मंगळवारी पहिला रॉबिन दिसला. पुढच्या आठवड्यात क्लेअरीच्या खबरीत यावं, की इथं रॉबिन सोमवारीच येऊन गेला, पुढे ऑस्टबीला जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. आर्डिसनं लिहावं, की आमच्याकडच्या एका मांजरीनं चार बदकपिल्लं पाळली आहेत. सेल्मानं लिहावं, की क्लेअरीच्या मांजरींना अजून भूक लागते. कॅफेतले म्हातारे ही पानं मोठ्यानं वाचत. एकदा ऑर्लिन शिडीवरून पडून त्याचा हात मोडला, तर क्लेअरीच्या खबरीत शेवटी एक ओळ आली: ‘ऑस्टबीत एका घराच्या ओट्यावर कुणीतरी बटाट्याचं पातेलं ठेवून गेलं असल्याचं समजतं. पातेलं परत करण्याची गरज नाही.’ आर्डिसनं ती ओळ वाचली आणि ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. फोन मात्र तिनं केला नाही. ‘परत करण्याची गरज नाही’ याचा अर्थ येऊ नकोस असाच होतो, असं तिनं ऑर्लिनला समजावून सांगितलं. ऑर्लिन म्हणाला, त्याचा अर्थ पातेलं ठेवून घे असाही होतो.

असे दिवस चालले होते आणि आर्डिसला ते चालतील असंच वाटत होतं. ती एकाहत्तर वर्षांची, सेल्मा अडुसष्टची. आपल्याकडच्या बायका नव्वदीपर्यंत गोधड्या शिवतात, घाई कसली आहे?

मार्चच्या पहिल्या गुरुवारी तिनं क्लेअरीची खबर वाचली आणि ती खदखदून हसली. शेजारच्या लव्होन स्टाईननं नवऱ्याच्या लांब विजारी बाहेर वाळत घातल्या, त्या गोठून इतक्या ताठ झाल्या, की काढून भिंतीशी उभ्या केल्यावर अर्धा तास पहारा देत उभ्या राहिल्या. लव्होनच्या कुत्र्याला शनिवार कळतो. एरवी तो टपालाच्या गाडीवर भुंकतो, पण शनिवारी बदली माणूस येतो तेव्हा मान वर करत नाही. आणि कोठाराची सावली आता सव्वाचारला पोस्टाच्या झेंड्याला शिवते, गेल्या आठवड्यात चारला शिवत होती. आर्डिसनं हे सगळं ऑर्लिनला वाचून दाखवलं. मग ती भांडी पुसायला उठली आणि एक बशी पुसता पुसता थांबली.

सूप कुठं होतं? ईस्टरच्या आधीचे सहा आठवडे दर बुधवारी चर्चच्या तळघरात सगळ्या गावाला सूप असतं, आणि कुणी वाटाण्याचं केलं, कुणी बार्लीचं, हे प्रत्येक गावाच्या खबरीत येतंच. न येणं म्हणजे सूप करणाऱ्या बाईचा जन्मभराचा रोष. सेल्मानं ते सोडलं होतं. कॅफेतलंही काही नव्हतं, कोठारावरचंही नव्हतं. आर्डिस मनानं सेल्माच्या घरात गेली. विजारी, कुत्रा, झेंडा. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसलं तर हे तिन्ही दिसतं. आणि एवढंच दिसतं.

“पाय मुरगळला असेल,” ऑर्लिन म्हणाला.

“असेल,” आर्डिस म्हणाली.

दुसऱ्या गुरुवारी क्लेअरीची खबर निम्मी झाली होती. वळचणीला बर्फाच्या पाच सळ्या लोंबत होत्या, त्यांतल्या दोन गळल्या. एक चिमणी रोज सकाळी येऊन काचेतल्या स्वतःशी भांडते आणि दमली की जाते. बस. रस्ता गेला, कुत्रा गेला, झेंडा गेला. ही बाई आता खिडकीशी बसत नव्हती, खिडकीखाली आडवी होती. आडव्या माणसाला वळचण दिसते आणि काच दिसते. हे काउंटीत दुसऱ्या कुणालाही कळलं नसेल याची आर्डिसला खात्री होती, आणि आपल्याला कळलं हे कुणाला सांगावं ते तिला सुचेना.

ती फोनपाशी गेली. रिसीव्हर उचलला, पदराशी खेळावं तसं त्याच्या वायरीशी खेळली, मग फडक्यानं तो स्वच्छ पुसला आणि जागेवर ठेवला. असं तिनं त्या आठवड्यात तीनदा केलं. इतका चकचकीत फोन ऑस्टबीत दुसऱ्या कुणाचा नसेल.

“कर ना एकदा,” ऑर्लिन म्हणाला.

“आणि म्हणू काय?”

“हॅलो म्हण. सगळे तसंच म्हणतात.”

“अरे, ती लपवतेय. क्लिफर्डचंही लपवत होती. मी तेव्हा न विचारता तिच्या घरात डोकं घातलं म्हणून अकरा वर्षं हे झालं. आता फोन करून सांगू, की बाई, तू आजारी आहेस ते मी ओळखलंय?”

“ती लपवत असती तर लिहिती कशाला?”

यावर ती रागावली आणि तिनं त्याला तळघरातून बटाटे आणायला पाठवलं. खरं सांगायचं तर यात आमच्या लोकांचा स्वभावही होता. आम्ही नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडं. कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की अर्धा कप म्हणून दोन कप प्यायची. पहिल्या बोलावण्याला धावत सुटणारा माणूस आमच्याकडे हावरट समजतात. आर्डिसनं काही असा हिशोब मांडला नव्हता. पण हाडात मुरलेलं असतं ते असतंच.

तिसऱ्या गुरुवारी क्लेअरीच्या खबरीत दोनच गोष्टी होत्या. थंडी सरली, की शेजारचं फाटक कुरकुरायचं थांबतं, ते सोमवारी थांबलं. आणि रानहंस परतले. मंगळवारी पहाटे गावावरून गेले, आवाजावरून ऐंशीएक असावेत.

आवाजावरून. आर्डिसनं तो शब्द पुन्हा वाचला. लहानपणी दोघी गोठ्याच्या छपरावर उताण्या पडून हंस मोजायच्या. आर्डिस थकून ‘शंभर’ म्हणून टाकायची, आणि सेल्मा ‘त्र्याण्णव’ म्हणायची, आणि त्र्याण्णवच असायचे. न मोजता एक हंस तिनं आयुष्यात जाऊ दिला नव्हता. आता वर ऐंशी हंस जात होते आणि तिच्यानं मान वळवून खिडकीबाहेर बघवत नव्हतं.

“दोनदा नको म्हणून झालं तुझं,” ऑर्लिन म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “आता हो म्हण.”

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी तिनं चर्चमध्ये पाद्रीबुवांचा एक शब्द ऐकला नाही. आणि सोमवारी, दर सोमवारी बसते तशी ती कागद घेऊन बसली आणि गाजरं-मांजरं यांच्या आधी, अगदी वर, तिनं लिहिलं: ‘येत्या रविवारी दुपारी ऑर्लिन व आर्डिस होव्हलँड क्लेअरी येथे आर्डिस यांच्या भगिनी सेल्मा रूड यांच्याकडे कॉफीसाठी जाणार आहेत.’

तिला ही युक्ती फार नामी वाटली. यात आजाराचं नाव नाही, दयेचा वास नाही. गुरुवारी पेपर आला, की सेल्मा वाचेल. नको असेल तर फोन करून नको म्हणायला तिला तीन दिवस आहेत. हवं असेल तर काही करायलाच नको. अकरा वर्षांपूर्वी जिथं चुकलं तिथंच, त्याच पानावर, सगळ्या काउंटीसमोर ती बहिणीचं नाव मानानं लिहीत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. फोन तिच्या कोपरापासून दोन हातांवर होता, आणि चौदा मैलांचा निरोप ती छापखान्यातून फिरवून, तीन दिवसांनी पोचेल असा धाडत होती. पण त्या दुपारी ती पाकीट टपालात टाकून आली तेव्हा बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होती, हे ऑर्लिननं ऐकलं.

मंगळवारी संध्याकाळी सेल्मा गेली.

बुधवारी सकाळी साप्ताहिकाचा संपादक डेल ओडेगार्ड याचा फोन आला. भला माणूस. त्यानं आधी हवेचं विचारलं, मग म्हणाला, “आर्डिस, तुम्हाला क्लेअरीहून कुणी कळवलं का?” कुणी कळवलं नव्हतं. बहिणी बोलत नाहीत हे सगळ्यांना माहीत, म्हणून जो तो दुसऱ्यानं सांगावं म्हणून थांबला होता. डेलनं सांगितलं. आणि पुढे म्हणाला, “चौथं पान कालच छापून झालंय. मला उशिरा कळलं. रविवारची ओळ काढता आली नाही.”

गुरुवारी ते पान काउंटीतल्या घरोघरी गेलं. वर ऑस्टबीची खबर, तिच्यात रविवारच्या कॉफीची ओळ. दोन बोटं खाली, जिथं क्लेअरीची खबर असायची, तिथं टायरची जाहिरात. आर्डिस दुकानात ब्रेड आणायला गेली तर आतलं बोलणं थांबलं, आणि गल्ल्यावरच्या बाईनं ब्रेड पिशवीत घालताना तिचा हात क्षणभर दाबला. शनिवारी दफन झालं. नंतर तळघरात जेवण, तीन तऱ्हेची हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं मांस-बटाट्याचं पातेलं, आणि लाटून आणलेल्या लेफ्सा, बटाट्याच्या मऊ पोळ्या. लोक आर्डिसजवळ येऊन म्हणाले, सेल्मा चांगली होती, जमीन अजून गोठलेली होती तरी खोदणाऱ्यांनी नीट खोदलं. रविवारच्या ओळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. न बोलण्यात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

रविवारी दुपारी आर्डिसनं चांगला झगा घातला.

“अगं, आता कुठं?” ऑर्लिन म्हणाला.

“छापलंय,” ती म्हणाली. “चौतीस वर्षांत मी खोटं छापलेलं नाही.”

ऑर्लिननं टाय लावला आणि गाडी काढली.

सेल्माच्या घरी लव्होन स्टाईन होती. चाळिशीची बाई, दक्षिणेकडल्या जर्मन वस्तीतून लग्न करून क्लेअरीत आलेली. कुंड्यांना पाणी घालायला, चादरी धुवायला आली होती. सेल्माची सेवा शेवटी तिनंच केली होती. दोघांना बघून ती दारात गांगरली, मग तिनं त्यांना आत घेतलं. ऑर्लिन बाहेरच बरा म्हणाला आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. आर्डिस अकरा वर्षांनी त्या स्वयंपाकघरात शिरली. खिडकीखाली दिवाण ओढून आणलेला होता. त्याच्याजवळ स्टुलावर फोन होता. वायर पुरावी म्हणून भिंतीवरचे खिळे काढून ती मोकळी केलेली होती.

“कॉफी घेता, मिसेस होव्हलँड?”

“नको,” असं आर्डिसच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मग ती म्हणाली, “दे. दे मला.”

लव्होननं कॉफी ओतली आणि ती समोर बसली. त्यांच्या पोटात गाठ होती, ती म्हणाली. नाताळातच कळलं होतं. डॉक्टरांना आणि मला सोडून कुणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं त्यांनी. शेवटचे तीन आठवडे त्या सांगायच्या आणि मी खबर लिहून घ्यायचे. मला बाई हसू यायचं, इतकं दुखत असताना माझ्या नवऱ्याच्या विजारी काय सांगायच्या. मी म्हणायचे, चर्चच्या सुपाचं फोनवर विचारून घेऊ का, तर नको म्हणायच्या. ते मुद्दाम सोडायचंय म्हणायच्या.

“मुद्दाम?”

“हो. पहिली खबर छापून आली तेव्हा मला म्हणाल्या, ‘आता आर्डिसला कळलं असेल. तिला मांजराचं कळतं. रविवारी येईल बघ.’”

आर्डिसनं कप खाली ठेवला.

“त्या रविवारी मला केस धुऊन द्यायला लावले,” लव्होन म्हणाली. “निळा स्वेटर घातला. दोन कप बाहेर काढून ठेवायला लावले. चारपर्यंत बसल्या होत्या उशीला टेकून. दुसऱ्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी बसवत नव्हतं, पण केस विंचरून घेतलेच.”

“मला फोन का नाही केलास गं?”

लव्होनचे डोळे भरून आले. “मी म्हटलं ना त्यांना! म्हटलं, तुमच्या बहिणीला फोन करते. तर नको म्हणाल्या. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही नको म्हणाल्या. मग मी पुन्हा नाही विचारलं. मरणाऱ्या माणसाला सारखं सारखं काय छळायचं, नाही का?”

तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. आमच्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. आर्डिसच्या ओठांवर ते आलं होतं. समोर बसलेल्या या परमुलखातल्या बाईनं तीन महिने तिच्या बहिणीची भांडी घासली होती, अंथरूण बदललं होतं, आणि लव्होनच्या माहेरी नको म्हणजे नकोच असतं. आर्डिसनं टेबलावरून हात पुढे करून तिचा हात धरला.

“बरोबर केलंस तू,” ती म्हणाली. “तिला छळलं नाहीस, ते बरोबर केलंस.”

लव्होन मनमोकळी रडली. मग उठून तिनं चादरी काढून घेतल्या आणि ती त्या धुवायला आपल्या घरी घेऊन गेली. आर्डिस त्या उघड्या दिवाणावर बसली, मग आडवी झाली. वर वळचण होती, बर्फ सगळा गळून गेला होता. तिला वाटलं, सेल्मानं एवढं मोठ्या अक्षरात आपल्याला लिहिलं, आपल्याला पहिल्याच गुरुवारी ते वाचताही आलं, आणि वाचून आपण भांडी पुसत राहिलो. क्लिफर्डच्या वेळी दिसलं नाही म्हणून सेल्मा रागावली होती. या वेळी दिसूनही गेलो नाही. याला क्षमा कुणाकडे मागायची? तिच्या घशातून एक आवाज निघाला, तसा तिनं आईच्या मरणातही काढला नव्हता. ऑर्लिनला तो फाटकापाशी ऐकू गेला. तो आत आला, दिवाणाच्या कडेवर बसला आणि तिच्या बुटांवर हात ठेवून बसून राहिला.

सोमवारी आर्डिस कागद घेऊन बसली. त्या आठवड्यात ऑस्टबीत पुष्कळ काही घडलं होतं. एका घराच्या चिमणीत घुबड सापडलं होतं, आणि पोस्टातलं मांजर व्यालं होतं. तिनं त्यातलं काही लिहिलं नाही. दोन वाक्यं लिहिली आणि पाकीट बंद केलं.

मंगळवारी दुपारी डेल ओडेगार्डचा फोन आला. आधी त्यानं हवेचं विचारलं.

“तुमचा कागद मिळाला, आर्डिस. थोडाच मजकूर आहे, त्याचं काही नाही, यंदा जाहिराती भरपूर आहेत. फक्त एक विचारायचं होतं. लिहिताना बहुधा हात घसरलाय. तुम्ही लिहिलंय, ‘आर्डिस होव्हलँड रविवारी क्लेअरी येथे भगिनी सेल्मा रूड यांच्याकडे गेल्या होत्या. त्यांना पोचायला तीन आठवडे उशीर झाला.’ तर ते तीन तास असं करू का? रस्त्यावर चिखल होता म्हणून?”

“नाही,” आर्डिस म्हणाली. “आठवडेच. तसंच छाप.”